अहवालाखालची सही

रक्त-लघवीच्या तपासणीचा कागद हाती पडला की आपली नजर प्रथम आकड्यांवर जाते. साखर किती, हिमोग्लोबिन किती, एवढे पाहून आपण कागदाची घडी घालतो. त्याच्या तळाशी सही कोणाची आहे, हे पाहण्याची तसदी आम्ही तरी कित्येक वर्षे घेतली नव्हती. ती सही पॅथॉलॉजिस्टची, म्हणजे विकृतिशास्त्रज्ञाची असते. सुई टोचून रक्त घेणारा तंत्रज्ञ म्हणजेच तो, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक एम. बी. बी. एस. झाल्यावर आणखी तीन वर्षे याच विषयाचा अभ्यास करून एम. डी. झालेला असा हा डॉक्टर. फक्त रोग्याच्या तो सहसा दृष्टीस पडत नाही, इतकेच.

आम्हांस त्याची ओळख जरा उशिरा झाली. काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, पाठीवरची एक गाठ काढली. “तपासायला पाठवायची का?” असे डॉक्टरांनी विचारले होते. गाठ साधीच दिसत होती, खर्चही बराच झाला होता. आम्ही ‘नको’ म्हणालो. दीड वर्षाने त्याच जागी पुन्हा गाठ आली. पहिल्या गाठीत काय होते, हे आता कोणीच सांगू शकत नव्हते, कारण ती केव्हाच फेकून दिली गेली होती. दुसरी मात्र तपासणीस गेली आणि अहवालात कर्करोगाचे नाव आले. किरणोपचार घेऊन अक्का आज बरी आहे. पण आमचे ते ‘नको’ मनातून जात नाही.

तो अहवाल कसा तयार होतो, हे मग आम्ही मुद्दाम समजावून घेतले. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवतात, म्हणजे तो सडत नाही. पुढे त्यातील पाणी काढून तो मेणाच्या वडीत बसवतात आणि यंत्राने त्या वडीचे काप घेतात. एकेक काप मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका पातळ! काचपट्टीवर ठेवलेला हा काप जवळजवळ बिनरंगी असतो, म्हणून त्याला रंग द्यावे लागतात. त्यांपैकी हिमॅटॉक्सिलिन हा रंग मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडातून मिळतो. त्याने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात आणि इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. आम्हां शिक्षकांस येथे प्रार्थनेच्या रांगाच आठवल्या. निरोगी पेशी आपापल्या जागी नीट उभ्या असतात. कर्करोगाच्या पेशी रांग मोडून शेजारच्या वर्गात घुसलेल्या असतात. गाठ कापताना कडेला अशा पेशी राहिल्या आहेत काय, हेही तोच डॉक्टर पाहतो. कधी कधी तर रोगी शस्त्रक्रियेच्या मेजावर असतानाच तुकडा गोठवून वीस-पंचवीस मिनिटांत निर्णय कळवावा लागतो, आणि सर्जन तोवर थांबून राहतो.

या शास्त्राचे भारतातील जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो ते डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८). गोमंतक मराठा समाज त्यांचे नाव अभिमानाने घेतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी वाहिली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा रोग आला कोठून, हा प्रश्न त्यांना पडे. १९४५ साली त्यांनी सहकाऱ्यासह जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात रोगाची जागा आणि रोग्याची सवय यांची सांगड घातली होती. तंबाखू-चुन्याची खैनी ओठाच्या आत धरणाऱ्यास तेथेच कर्करोग. जळते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यास टाळूला. आणि धोतर कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळणाऱ्यास कमरेच्या त्वचेला! धोतरावरही ठपका येऊ शकतो, हे आमच्या वाडवडिलांच्या स्वप्नातही आले नसेल.

माणसाखेरीज इतर जिवांचेही विकृतिशास्त्रज्ञ असतात. १९९०च्या दशकात भारतीय उपखंडातील गिधाडे झपाट्याने मरू लागली. साथीचा संशय होता, पण जंतू सापडेना. पाकिस्तानात मेलेली गिधाडे उघडून पाहिली तेव्हा बहुतेकांच्या आतड्याकाळजावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसला. तो युरिक आम्लाचा होता, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली कारण जाहीर केले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. ते दिलेले जनावर मेले की त्याच्या मांसातून औषध गिधाडाच्या पोटात जाई. भारताने २००६ साली या औषधाचा गुरांसाठीचा वापर बंद करण्याचे पाऊल उचलले.

आपल्या सत्तरीत २०१५ साली माकडताप आला, तेव्हा काजूच्या बागांत राबणारी माणसे आजारी पडली. रानात मेलेले माकड ही या तापाची आगाऊ सूचना असते, कारण त्याच्या अंगावरच्या गोचिडी नवे शरीर शोधू लागतात. असे माकड दिसल्यास त्याला हात न लावता वनखात्यास किंवा आरोग्य केंद्रास कळवावे. कुळागरातील सुपारीसही डॉक्टर आहेत. पावसाळ्यात कोवळी सुपारी कुजवून गाळणारा कोळेरोग बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे होतो, हे वनस्पतिविकृतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. मोरचूद व चुन्याचे बोर्दो मिश्रण बागायतदार पावसापूर्वी फवारतात, ते याच ज्ञानाच्या आधारावर.

असो. घरच्या गोष्टीकडे वळतो. तपासलेल्या तुकड्याची मेणाची वडी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे टिकते आणि रोग्याला ती काचपट्ट्यांसह मागता येते, हेही आम्हांस ठाऊक नव्हते. अक्काच्या वडीवर मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात दुसरे मत घेतले. आमचा भाचा ती वडी आणि काचपट्ट्या एका लहानशा डबीत घालून रात्रीच्या गाडीने घेऊन गेला. अक्काला घर सोडावे लागले नाही.