गाडी हवा जास्त घेते की पेट्रोल कमी मिळते?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे आपल्यापैकी अनेकांचा धंदा आठवडी बाजारांवर चालतो. कापड, चपला, भांडी, मनिहारी असा माल भरून व्यापारी पहाटे निघतो. गाडी वाटेत अडली की त्या गावचा बाजार थेट पुढच्या आठवड्यावर जातो. आलापल्ली ते सिरोंचा हा सुमारे १०० किलोमीटरचा रस्ता बराचसा जंगलातला आहे. तिथे मिस्त्री शोधत बसण्यापेक्षा गाडीचा मर्ज घरीच ओळखलेला बरा. पेट्रोल गाड्यांचा असाच एक नेहमीचा मर्ज म्हणजे पातळ मिश्रण. गॅरेजवाले त्यालाच ‘मिक्स्चर लीन’ म्हणतात.

इंजिनात पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात जळते. शुद्ध पेट्रोलसाठी हे प्रमाण वजनाने १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असे आहे. हवा याहून वाढली किंवा पेट्रोल घटले की मिश्रण पातळ होते. असे मिश्रण सावकाश जळते. त्याची आग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत रेंगाळते आणि कालांतराने व्हॉल्व्ह जळतो. मग दोन-तीनशे रुपयांच्या पाइपाचे काम हेड उघडण्यापर्यंत जाते. म्हणून दुर्लक्ष नको.

लक्षणे अशी: अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर दचकते, पिकअप मरतो, उभ्या गाडीची रेस वर-खाली होते, कार्बोरेटरमधून फटफट आवाज येतो, इंजिन लवकर तापते. गाडी काही किलोमीटर चालवून प्लग काढून पाहा. टोक बदामी असेल तर ठीक. पांढरे, भाजल्यासारखे असेल तर मिश्रण पातळ असल्याचा संशय घ्यावा. काळी काजळी असेल तर उलट, पेट्रोल जास्त होत आहे. धुळीने एअर फिल्टर चोंदला तर कार्बोरेटरच्या गाडीत बहुधा काजळीच धरते. तेव्हा प्लग पांढरा असताना फिल्टर बदलून गुण येत नाही.

जुन्या ओम्नीसारख्या गाडीत आणखी एक सोपी परीक्षा आहे. गरम इंजिन अडखळत असताना चोक थोडा ओढावा. चोकने हवा कमी होते. त्याने इंजिन सुधारले तर मिश्रण पातळच होते, हे पक्के समजावे.

आता मुख्य प्रश्न: हवा जास्त की पेट्रोल कमी? याचे उत्तर मिळाल्याशिवाय एकही पार्ट बदलू नये.

उभी गाडी जास्त अडखळते आणि वेग घेतल्यावर बरी चालते, तर बाहेरून चोरटी हवा शिरत आहे. हळू रेसवर इंजिन मुळात हवा थोडीच घेते, म्हणून लहानशी गळतीही तिथे मोठी ठरते. कार्बोरेटरखालचे पॅकिंग, मॅनिफोल्डचे पॅकिंग, ब्रेक बूस्टरचा पाइप आणि बारीक रबरी नळ्या तपासाव्यात. उभ्या गाडीत उंदीर नळ्या कुरतडतात, हेही ध्यानात ठेवावे. इंजिन चालू ठेवून साबणाचे पाणी सांध्यांवर थोडे थोडे लावावे, वायरिंगपासून दूर. जिथे पाणी लागताच आवाज बदलतो, तिथे गळती आहे. काही लोक यासाठी पेट्रोल शिंपडतात. ते कदापि करू नये, आग लागते.

याउलट उभी गाडी शांत असते, पण मालासह चढावर दम तोडते, तर पेट्रोल कमी पडत आहे. फिल्टर, पंप, जेट किंवा इंजेक्टर, या क्रमाने पाहावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा कार्बोरेटरच्या गाडीत पाइपातल्या पेट्रोलची वाफ होऊनही पुरवठा तुटतो. गाडी थंड झाल्यावर आपोआप सुरू झाली तर कारण हेच असावे.

ईकोसारख्या इंजेक्शनच्या गाडीत स्कॅनर लावून घ्यावा. ‘पी ०१७१’ कोड म्हणजे मिश्रण पातळ. पण कोड कारण सांगत नाही. तो पाहून थेट ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे पैसे पाण्यात. सायलेन्सरचा पाइप सेन्सरच्या आधी फुटला असेल किंवा एखादा प्लग मिसिंग करत असेल तरी हाच कोड येऊ शकतो. मिस्त्रीला ‘फ्युएल ट्रिम’चा आकडा विचारावा. तो उभ्या गाडीत अधिक १० च्या वर आणि रेस वाढवल्यावर खाली येत असेल तर हवेची गळती. लोडवर वाढत असेल तर पेट्रोलचा पुरवठा.

एक नवे कारणही आहे. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून या इंधनाला १ भागाला सुमारे साडेतेरा भाग हवाच पुरते. इंजेक्शनची गाडी हा फरक बऱ्याच अंशी सांभाळून घेते. जुन्या पेट्रोलवर बेतलेला कार्बोरेटर मात्र पातळ चालतो. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवते आणि जुने रबर खराब करते. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, पण जुन्या ओम्नी आजही माल वाहतात. अशा गाडीचे पेट्रोल फिल्टर आणि नळ्या बदलून जेटचे माप मिस्त्रीकडून तपासून घ्यावे.

गॅरेजमध्ये ‘गाडी बिघडली’ एवढेच सांगू नका. कधी अडखळते, उभी असताना की चढावर, थंड की गरम, हे सांगा. निम्मे काम तिथेच होते, आणि बाजाराचा दिवसही वाचतो.