पेठांची ईर्षा आणि मैदानाची शिस्त : कोल्हापूरच्या फुटबॉलमधील प्रेक्षक-वर्तनाचा विचार

प्रास्ताविक

एकाच शहरातील अथवा शेजारच्या वस्त्यांतील दोन संघांमध्ये परंपरेने चालत आलेल्या चुरशीच्या फुटबॉल सामन्याला ‘डर्बी’ असे म्हटले जाते. अशा सामन्यात गुणतक्त्यातील स्थानापेक्षा शेजाऱ्याला हरविण्याचे मोल अधिक असते. मुंबई सिटी आणि एफसी पुणे सिटी या व्यावसायिक संघांच्या २०१४ पासूनच्या लढतींना ‘महाराष्ट्र डर्बी’ असे नाव दिले गेले. परंतु २०१९ मध्ये पुण्याचा तो संघच बंद पडला आणि त्याबरोबर ती चुरसही संपली. या संज्ञेला खऱ्या अर्थाने पात्र ठरणारे महाराष्ट्रातील सामने कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात. ते कोणत्याही जाहिरातीविना पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

या सामन्यांना हजारोंनी गर्दी होते. त्याचबरोबर शिवीगाळ, मैदानात घुसणे, बाटल्या व दगड भिरकावणे, सामना संपल्यावर रस्त्यावर होणारी हाणामारी हे प्रकारही वारंवार घडत आले आहेत. स्थानिक वृत्तपत्रांनी त्यासाठी ‘हुल्लडबाजी’ हा शब्द रूढ केला आहे. या हुल्लडबाजीचे मूळ कशात आहे आणि तिला आवर घालण्याचे कोणते उपाय टिकाऊ ठरू शकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मैदानातील प्रेक्षकांत महाविद्यालयीन वयाचा तरुण मोठ्या संख्येने असतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ पोलीस खात्याचा किंवा क्रीडा संघटनेचा राहत नाही.

तालीम, पेठ आणि संघ

पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, जुना बुधवार तालीम मंडळ ही संघांची नावे पाहिली तरी कोल्हापूरच्या फुटबॉलचे वेगळेपण ध्यानात येते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने या शहरात कुस्ती रुजली, खासबागेचे मैदान उभे राहिले आणि पेठेपेठेतील तालीम हे तरुणांच्या एकत्र येण्याचे ठिकाण बनले. पुढे फुटबॉल आला तो याच तालमींच्या अंगणात. गणेशोत्सव, शिवजयंती, पंचगंगेचा पूर आणि फुटबॉल या सर्व प्रसंगी धावून जाणारी मुले तीच असतात. शिवाजी तरुण मंडळ किंवा प्रॅक्टिस क्लब यांच्या नावात ‘तालीम’ नसली तरी त्यांचीही नाळ पेठेशीच जोडलेली आहे.

याचा परिणाम असा की, येथे प्रेक्षक हा संघाचा ग्राहक नसतो. संघ त्याच्या घरचा असतो. खेळाडू शेजारच्या गल्लीतला, प्रशिक्षक एकेकाळचा खेळाडू आणि वर्गणी देणारा दुकानदार ओळखीचा. पराभव झाला तर दुसऱ्या दिवशी तो बाजारात, कट्ट्यावर आणि सोयऱ्यांच्या घरीही ऐकून घ्यावा लागतो. कोल्हापुरी बोलीत ‘ईर्षा’ हा शब्द केवळ मत्सर या अर्थाने वापरला जात नाही. त्यात जिद्द आणि अभिमानही मिसळलेला असतो. ‘ईर्षेने खेळणे’ ही तेथे शाबासकी आहे. उपाययोजना करताना हा अर्थभेद विसरला जातो आणि ईर्षाच नष्ट करावी असा सूर लावला जातो. ईर्षा नसेल तर स्टेडियम रिकामे पडेल, हे मात्र लक्षात घेतले जात नाही.

जमाव म्हणजे काय?

फ्रेंच लेखक गुस्ताव ल बाँ याने १८९५ मध्ये मांडलेल्या मतानुसार व्यक्ती जमावात शिरली की तिची विवेकबुद्धी लोपते आणि ती आदिम प्रेरणांनी वागू लागते. हे मत आजही सर्वसाधारण चर्चेत प्रमाण मानले जाते. स्टीफन रायशर, क्लिफर्ड स्टॉट आदी ब्रिटिश सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी त्याला छेद दिला. त्यांच्या विवेचनानुसार जमावातील माणूस आपली ओळख गमावत नाही. त्याची वैयक्तिक ओळख मागे पडून सामूहिक ओळख पुढे येते. या सामूहिक ओळखीचेही नियम असतात, मर्यादा असतात. पोलिसांनी अथवा आयोजकांनी सगळ्यांना एकाच मापाने, सरसकट गुन्हेगार म्हणून वागविले, तर आतापर्यंत शांत असणारा बहुसंख्य प्रेक्षकही मूठभर हुल्लडबाजांना आपले मानू लागतो. लाठी पाठीवर पडते त्या क्षणी ‘आपण’ आणि ‘ते’ ही विभागणी नव्याने होते.

२००४ मध्ये पोर्तुगालमध्ये झालेल्या युरोपीय स्पर्धेत या विचाराची चाचणी झाली. सामने असलेल्या शहरांत पोलीस साध्या गणवेशात, जोडीजोडीने प्रेक्षकांमध्ये मिसळून बोलत राहिले. दंगलविरोधी पथके नजरेआड ठेवण्यात आली आणि कारवाई झाली ती नेमक्या व्यक्तींवर. इंग्लंडच्या बदनाम समर्थकांकडूनही या शहरांत मोठा उपद्रव झाला नाही. त्याच काळात आल्बुफेरा या पर्यटनस्थळी, जेथे वेगळे पोलीस दल जुन्याच पद्धतीने काम करीत होते, तेथे मात्र दंगल झाली. प्रेक्षक त्याच देशाचे होते, हे येथे महत्त्वाचे आहे.

कोलकाता आणि मलांग येथील अनुभव

भारतातील सर्वांत वेदनादायक घटना १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर घडली. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातील सामन्यात मैदानावरील दोन खेळाडूंच्या झटापटीचे पडसाद प्रेक्षागृहात उमटले आणि चेंगराचेंगरीत १६ जणांचा मृत्यू झाला. ठिणगी मैदानात पडली, मृत्यू जिन्यांवर आणि अरुंद वाटांवर ओढवले. हुल्लडबाजीविषयी बोलताना वाटांचा हा भाग नेहमी दुर्लक्षित राहतो. १९८९ मध्ये इंग्लंडमधील हिल्सबरो येथे, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्या सामन्यात, ९७ जणांनी प्राण गमावले. तेव्हा प्रथम दोष प्रेक्षकांच्याच माथी मारला गेला. परंतु न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने आणि अखेर २०१६ च्या न्यायचौकशीने खरे कारण पोलीस नियंत्रणातील अपयश असल्याचे स्पष्ट केले. प्रेक्षकांना रोखण्यासाठी उभारलेले लोखंडी कुंपणच त्यांच्या जिवावर उठले होते.

इंडोनेशियातील मलांग येथे १ ऑक्टोबर २०२२ रोजी झालेली दुर्घटना तर अधिक बोलकी आहे. अरेमा आणि पर्सेबाया या पूर्व जावातील कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा हा सामना. संघर्ष टाळण्यासाठी पाहुण्या संघाच्या समर्थकांना प्रवेशच नाकारण्यात आला होता. यजमान संघ २–३ असा हरला, काही प्रेक्षक मैदानात उतरले आणि पोलिसांनी अश्रुधुराचा मारा केला. फिफाच्या सुरक्षा-नियमांत अशा वायूच्या वापरास मनाई असतानाही तो केला गेला. पळणारी गर्दी अरुंद दारांशी अडकली व १३५ जण दगावले. प्रतिस्पर्धी समर्थक तेथे नव्हतेच. केवळ एका गटाला बाहेर ठेवून सुरक्षितता साधत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

कोलकात्यातील आणखी एक प्रसंग शिक्षेच्या अंगाने पाहण्यासारखा आहे. ९ डिसेंबर २०१२ रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानचा खेळाडू रहीम नबी प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने जखमी झाला. त्याच्या संघाने उत्तरार्ध खेळण्यास नकार दिला. त्याबद्दल अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या संघाला आय-लीगमधून दोन वर्षांसाठी दूर केले. मात्र जानेवारी २०१३ मध्ये ही बंदी मागे घेऊन २ कोटी रुपयांच्या दंडावर आणि गुणकपातीवर प्रकरण मिटविण्यात आले. अतिकठोर शिक्षा जाहीर करणे आणि काही आठवड्यांतच ती मागे घेणे, या दोन्ही गोष्टी शिक्षेची जरब घालवितात. शिवाय या सर्व चर्चेत दगड मारणारी व्यक्ती बाजूलाच राहिली. संघ, संघटना आणि महासंघ आपापसांत झगडत राहिले.

कायद्याची चौकट

ब्रिटनमध्ये १९८९ च्या फुटबॉल प्रेक्षक कायद्यान्वये आणि २००० मधील दुरुस्तीनुसार न्यायालय एखाद्या व्यक्तीवर ३ ते १० वर्षांपर्यंत सामनाबंदी लादू शकते. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे हुल्लडबाजीचे प्रकरण सर्वसामान्य फौजदारी कायद्याखाली हाताळले जाते. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतील बेकायदेशीर जमाव आणि दंगल यांसंबंधीच्या तरतुदी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील शांतता राखण्याचे बंधपत्र आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील मनाई आदेश व हद्दपारी ही त्यातील प्रमुख साधने होत.

ही साधने बोथट नाहीत. उलट ती या कामासाठी फार मोठी आहेत. बेकायदेशीर जमावाच्या समान उद्दिष्टासाठी केलेल्या कृत्यास त्या जमावातील प्रत्येक सदस्य जबाबदार धरला जातो. म्हणजे दगड एकाने मारला तरी चित्रफितीत शेजारी दिसणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याचे नावही गुन्ह्यात येऊ शकते. पुढे पोलीस भरती, सैन्यभरती, पारपत्र किंवा शासकीय नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होते, तेव्हा प्रलंबित खटला आडवा येतो. ज्या घरातील पहिलाच मुलगा पदवीपर्यंत पोहोचला आहे, त्या घराला एका सामन्याची ही किंमत परवडणारी नसते. दुसरीकडे, खटले वर्षानुवर्षे रेंगाळत असल्याने खऱ्या दोषीला पुढच्या आठवड्यात पुन्हा स्टेडियमवर येण्यास कोणतीही अडचण राहत नाही.

या दोन टोकांमध्ये एक मधला मार्ग उपलब्ध आहे. मैदानाचे तिकीट हा प्रवेशाचा परवाना असतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये परवान्याची संकल्पना स्पष्ट केलेली आहे आणि सर्वसाधारणपणे परवाना देणारा तो रद्द करू शकतो. त्यामुळे तिकिटावर वर्तनाच्या अटी छापणे आणि त्या मोडणाऱ्यास ठरावीक काळ प्रवेश नाकारणे, यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. अडचण आहे ती एकवाक्यतेची. कोल्हापुरात कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनची लीग असते, तसेच विविध मंडळांच्या व चषकांच्या स्पर्धाही असतात. एका स्पर्धेत नाकारलेला प्रेक्षक दुसऱ्या स्पर्धेत सहज शिरू शकतो. सर्व आयोजकांनी एकच यादी मान्य करणे, संबंधिताला आपले म्हणणे मांडण्याची संधी देणे आणि मुदत संपताच नाव वगळणे, एवढे झाले तर फौजदारी गुन्ह्याच्या खालची एक उपयुक्त पायरी तयार होईल.

तालमीची जबाबदारी

परदेशी उपायांची नक्कल करताना कोल्हापूरची एक जमेची बाजू विसरली जाते. तेथील प्रेक्षक अनोळखी नाही. इंग्लंडच्या पोलिसांना कॅमेरे आणि खबरे वापरून जे चेहरे शोधावे लागतात, ते तालमीतल्या ज्येष्ठांना नावानिशी आणि वडिलांच्या नावानिशी ठाऊक असतात. ‘कुणाचा रे तू?’ या प्रश्नात जी जरब असते ती लाठीत नसते. पुराच्या वेळी बोटी काढणारे आणि गणपतीच्या मिरवणुकीत दोर धरून उभे राहणारे कार्यकर्ते सामन्याच्या दिवशीही आपल्याच प्रेक्षकांमध्ये स्वयंसेवक म्हणून उभे राहू शकतात. मात्र हे काम केवळ आवाहनावर सोडता येत नाही. स्वयंसेवकांची नावे आधी कळविलेली असावीत, त्यांना ओळखता येईल असा पोशाख असावा, गर्दी कोणत्या दाराने काढायची याचा सराव व्हावा आणि पोलिसांनी कारवाईपूर्वी त्यांच्याशी बोलण्याची पद्धत पाळावी. आपल्याच पोराला अडविणाऱ्या स्वयंसेवकाला ‘फितूर’ ठरविले जाणार नाही, याची हमी तालमीने द्यावयाची असते. ती बाहेरून कोणी देऊ शकत नाही.

खेळाडू आणि व्यवस्थापक यांचे वर्तन हाही याच जबाबदारीचा भाग आहे. गोल झाल्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या प्रेक्षकांसमोर केलेले हातवारे किंवा पंचांच्या अंगावर धावून जाणे यांतून प्रेक्षागृहाला इशारा मिळतो. १९८० च्या ठिणगीचे स्थान मैदान होते, हे येथे पुन्हा आठवावे. सामन्याच्या आधी दोन-तीन दिवस मोबाईलवरून फिरणारे डिवचणारे संदेशही बहुधा मंडळांच्याच गटांतून सुरू होतात; ते थांबविण्यास पोलिसांपेक्षा गटाचा प्रमुख अधिक समर्थ असतो.

काही बाबी अगदी साध्या आहेत. शाहू स्टेडियम दाट वस्तीत आहे आणि दोन्ही बाजूंचे समर्थक पायीच घरी जातात. त्यामुळे बसण्याची जागा वेगळी केली तरी वाटा एकत्र येतातच. एका बाजूला आधी सोडून दुसऱ्या बाजूला काही वेळ थांबविणे, त्या काळात बक्षीस समारंभ ठेवणे, परिसरातील बांधकामाचे दगड-विटा आधीच हलविणे आणि सर्व दारे सामना संपण्यापूर्वी उघडी ठेवून तेथे माणसे उभी करणे, यांस फारसा खर्च येत नाही. हुल्लडबाजीनंतर संपूर्ण स्पर्धाच रद्द करण्याची मागणी नेहमी होते. अनिकेत जाधवसारखा खेळाडू २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो याच शहरातून पुढे आला. स्पर्धा रद्द झाल्याने नुकसान होते ते पुढच्या अशा मुलाचे. दगड मारणाऱ्याचे काहीच जात नाही.

महाविद्यालयांचा वाटा

पेठांतील बहुतेक तरुण खेळाडू आणि समर्थक कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात शिकत असतात. एकाच वर्गात पाटाकडील आणि दिलबहारचे समर्थक शेजारी बसतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तेच एका रंगाच्या जर्सीत खेळतात. म्हणजे पेठेपलीकडची एक सामूहिक ओळख महाविद्यालयाजवळ आधीच आहे. ती किती बळ धरू शकते याचे उदाहरण पुन्हा कोलकात्याचेच आहे. आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर १८ ऑगस्ट २०२४ रोजीचा मोहन बागान–ईस्ट बंगाल सामना सुरक्षेच्या कारणास्तव रद्द करण्यात आला. तेव्हा दोन्ही संघांचे आणि मोहमेडन स्पोर्टिंगचेही समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र आले आणि न्यायाच्या मागणीसाठी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ज्या गर्दीच्या भीतीने सामना रद्द झाला होता, तीच गर्दी परस्परांचे झेंडे हाती घेऊन घोषणा देत होती.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना गर्दी-व्यवस्थापनाचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण देऊन मोठ्या सामन्यांच्या दिवशी दारांशी उभे करणे, जिमखान्याने दोन्ही पेठांच्या खेळाडूंना एकत्र बसवून हंगामापूर्वी बोलते करणे, गुन्ह्यात नाव आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात कायदेविषयक सल्ला मिळवून देणे, ही कामे प्राध्यापकांच्या आवाक्यातील आहेत. विशेषतः शेवटच्या कामाकडे फारसे कोणी पाहत नाही. दाखल झालेली नोटीस कपाटात दडवून ठेवणारा विद्यार्थी घरी सांगत नाही, तालमीत सांगितले तर त्याचा पराक्रम होतो. सांगण्याजोगे तिसरे ठिकाण त्याला बहुधा वर्गशिक्षकाचेच उरते.