चौथऱ्याचे लाकूड : वजन आणि मौन (लेखांक पाचवा)

ध्वनिमुद्रिकेच्या खोबणीचे आणि त्या खोबणीतून चालणाऱ्या सुईचे विवेचन गेल्या लेखांकात झाले. सुईला जी आंदोलने टिपावयाची असतात ती इतकी सूक्ष्म की त्यांचे माप मिलिमीटरच्या सहस्रांशात सांगावे लागते. आणि हे संगीत, ती मोटारीची घरघर, असा विवेक तिच्या ठायी नसल्यामुळे तिच्याखाली जे जे थरथरते ते ते सर्व ती इमानेइतबारे ध्वनिवर्धकाच्या हवाली करते. स्पीकरचा आवाज जमिनीतून घडवंचीत, घडवंचीतून तबकडी फिरविणाऱ्या यंत्रात आणि यंत्रातून पुन्हा सुईत शिरला, की ते चक्र वाढत वाढत शेवटी नुसता हुंकार ऐकू येतो. सबब यंत्राखालचा चौथरा कशाचा असावा, हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडातील स्विंडन येथील गॅरार्ड कारखान्याचे ‘३०१’ हे यंत्र. १९५४ च्या सुमारास ते बाजारात आले. त्यात मोटारीच्या आसाला टेकलेले एक रबरी चाक तबकडीच्या कडेला आतून घासून तिला फिरवी. त्यामुळे तिच्या गतीला मोठा जोम येई, पण त्याच चाकावाटे मोटारीची घरघरही तबकडीपर्यंत पोहोचे. कारखाना यंत्र विके ते पेटीवाचून. पेटी ज्याची त्याने करून घ्यावी, असा रिवाज होता. ही घरघर जिरविण्यासाठी शौकिनांनी दगडी पाट्यांपासून लाकडांच्या जाड थरांपर्यंत नाना प्रकारचे जड चौथरे करून पाहिले, आणि त्या खटपटीतूनच दक्षिण व मध्य अमेरिकेतील आणि आफ्रिकेतील अतिघन लाकडांकडे त्यांची दृष्टी वळली.

सागवानाच्या एका घनमीटरचे वजन सुमारे ६५० किलो भरते, आपल्या शिसवीचे ८५० च्या आसपास, ब्राझीलच्या ‘इपे’चे १०५० च्या घरात, आणि वेस्ट इंडीजच्या ‘लिग्नम व्हायटी’चे तर १२०० च्याही वर, म्हणजे हे लाकूड पाण्यात टाकले असता दगडासारखे तळाशी जाते. त्याच्या अंगच्या तेलकट राळेमुळे त्याला वंगण लागत नाही, म्हणून जॉन हॅरिसन या इंग्लिश घड्याळजीने अठराव्या शतकात आपल्या लाकडी घड्याळांत त्याचा उपयोग केला आणि पुढे आगबोटींच्या पंख्याच्या आसाखालीही ते बसविले गेले. अशा लाकडाचा चौथरा सहजासहजी हलणार नाही, हा तर्क वरकरणी निर्दोष दिसतो; परंतु तो हिशेबाला लावून पाहणे इष्ट.

साठ सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद आणि पाच जाड अशी फळी सागवानाची घेतली तर तिचे वजन पावणेनऊ किलो होते, आणि इपेची घेतली तर सव्वाचौदा. तिच्यावर दहा किलोचे यंत्र ठेवले आणि खाली रबराचे तेच पाय बसविले, तर एकूण भार पावणेएकोणीस किलोंवरून सव्वाचोविसांवर जातो. पायांवर डोलणाऱ्या भाराची नैसर्गिक कंपनसंख्या भाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ती जेमतेम अष्टमांशाने उतरते. ती निम्म्यावर आणावयाची तर भार चौपट हवा. तेवढे फळ मिळण्यास लाकूड न बदलता पाय चौपट मऊ केले तरी भागते.

याहून महत्त्वाची बाब निराळीच आहे. वखारीत सुताराला सांगून शिसवीची एक सरळ, कोरडी फळी टोकांपासून थोड्या अंतरावर दोन दोऱ्यांवर टांगून घ्यावी आणि मध्यावर बोटाच्या पेराने ठोकावी : स्पष्ट, दीर्घ स्वर उमटतो. मरिंबा या काष्ठवाद्याच्या पट्ट्या होंडुरासच्या शिसवीच्या करतात आणि आपल्याकडे तबल्याचे खोड खैराचे किंवा शिसवीचे पसंत करतात, ते या गुणासाठीच. वाद्य करणाऱ्याला लाकडाचे गाणे हवे असते, चौथरा करणाऱ्याला त्याचे मौन. आणि जडपणाने मौन येतेच असे नाही, कारण घन जातींची कित्येक लाकडे कंपन गिळण्यात हलक्या लाकडांहून कंजूष असतात.

यावर उपाय आहे तो रचनेत. दोन फळ्यांच्या मध्ये लवचिक, चिकट द्रव्याचा पातळ थर दिला असता फळ्या वाकताना तो थर आडवा ताणला जातो आणि कंपनाची शक्ती उष्णतेच्या रूपाने तेथेच खर्ची पडते. अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी १९६१ मध्ये ‘एआर’ यंत्र काढले त्यात तर वजनाचा मार्गच सोडून दिला होता : तबकडी आणि सुईची दांडी एकाच हलक्या चौकटीवर बसवून ती स्प्रिंगांवर तोलली होती, आणि तबकडी वाजत असता पेटीवर हातोडी मारली तरी सुई उडत नसे.

इतके समजूनही ज्याला घन लाकूडच वापरावयाचे आहे त्याने सुताराच्या अडचणी आधी जाणून घ्याव्यात. इपेवर साधी करवत लवकर बोथटते, कार्बाइडचे दात लागतात; आधी गिरमिटाने भोक न पाडता स्क्रू पिळला तर तो मध्येच तुटतो. तेलकट जातींवर सरस धरावा म्हणून सांध्याची बाजू ॲसिटोनने पुसून लागलीच जोडावी लागते. इपेचा हिरवट पिवळा भुसा कातडीला व नाकाला झोंबतो, आणि सोड्याच्या पाण्यात तो लालभडक होतो. शिवाय जाड फळी पूर्ण वाळण्यास वर्षे लागतात. कोकणातील पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून चौथऱ्याची फळी चौकटीला सर्व बाजूंनी जखडू नये, स्क्रूंची भोके लांबट ठेवावीत, नाही तर ऋतू बदलताच ती उभी चिरते.

राहिला कायद्याचा मुद्दा. ब्राझीलची शिसव १९९२ पासून, संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या ‘सायटीस’ कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीचे इतर सर्व भाईबंद दुसऱ्या परिशिष्टात घातले गेले, लिग्नम व्हायटी तेथे आधीपासूनच होते आणि २०२४ च्या अखेरीस इपेचीही तेथे नोंद झाली. दुसऱ्या परिशिष्टातील माल सरहद्दीपार न्यावयाचा तर परवाना लागतो. २०१९ मध्ये शिसवीच्या तयार वाद्यांना सवलत मिळाली. जड फर्निचरला ती सरसकट लागू नाही.

तेव्हा निकाल असा : चाकाच्या घरघरीचे जुने यंत्र असेल तर वजन जरूर द्यावे, पण ते बीचचे पातळ पापुद्रे राळेत भिजवून दाबलेल्या जर्मन ‘पांझरहोल्ट्स’नेही देता येते, आणि घनमीटरला १३०० किलोंहून अधिक भरणारे ते द्रव्य लिग्नम व्हायटीलाही मागे टाकते. बाकीच्यांनी चांगले वाळलेले सागवान घ्यावे, त्याचे दोन थर करून मध्ये लवचिक अस्तर द्यावे, आणि उरलेला पैसा पायांवर खर्च करावा. त्या पायांची निवड कशी करावी, हा पुढील लेखांकाचा विषय.