दिव्यांग मुलाची गाडी कुठे उभी करायची? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतच्या एखाद्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या आणि घरात पाच-सहा वर्षांचं दिव्यांग मूल असलेल्या पालकांना सल्ल्यांची वाण कधीच पडत नाही. एक जण म्हणतो, आरटीओत जाऊन ‘दिव्यांग पार्किंगचं परमिट’ काढा. दुसरा म्हणतो, मूल अजून लहान आहे, अठरा वर्षांचं झाल्यावर बघा. तिसरा गाडीच्या काचेवर व्हीलचेअरचं निळं स्टिकर चिकटवून मोकळं व्हायला सांगतो. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे : सवलत गाडीला मिळते, फार तर गाडी चालवणाऱ्याला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मात्र हक्क देतो तो व्यक्तीला. ती व्यक्ती मागच्या सीटवर बसलेली पहिलीतली मुलगी असली, तरी हक्क तिचाच. एवढं एक सूत्र धरलं, की बाकीचे गैरसमज आपोआप सुटत जातात.

परमिटच्या गैरसमजाचं मूळ परदेशात आहे. ब्रिटनमध्ये १९७०च्या कायद्यातून असा बिल्ला आला आणि २००० सालापासून तो ‘ब्लू बॅज’ म्हणून ओळखला जातो. तो माणसाच्या नावे असतो. तो माणूस ज्या गाडीत बसेल तिथे हा बिल्ला चालतो. अवजड वैद्यकीय उपकरणं सतत सोबत लागत असतील, तर तीन वर्षांखालच्या बाळालाही तो मिळतो. आपल्याकडे देशभर चालणारं असं स्वतंत्र पार्किंग परमिट नाही. २०२० साली वाहन नोंदणीच्या अर्जात ‘दिव्यांगजन’ हा मालकीचा प्रकार आला खरा, पण तो गाडीच्या मालकाबद्दल आहे. त्यातून राखीव जागेचा परवाना मिळत नाही. राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलमाफीचंही तसंच : ती दिव्यांग व्यक्तीसाठी खास बनवलेल्या वाहनाला आहे, मूल गाडीत आहे म्हणून साध्या कारला नाही. बाजारात मिळणाऱ्या स्टिकरला तर पुरावा म्हणून काहीच किंमत नाही. दाखवायचा पुरावा म्हणजे मुलाच्या नावाचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं विशिष्ट ओळखपत्र.

इथे दुसरा गैरसमज आडवा येतो : लहान मुलाला हे कार्ड मिळत नाही. कायद्यात अशी अट नाही. मूल अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीने पालक अर्ज करतात. अर्ज ‘स्वावलंबन’ या केंद्रीय पोर्टलवर करायचा. मुलाचं आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि उपचारांचे कागद जवळ ठेवायचे. तपासणी आपल्या जिल्ह्यातल्या अधिकृत रुग्णालयात किंवा मुलावर उपचार चालू असलेल्या सरकारी रुग्णालयात होते. रावेतकरांना पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि औंधचं जिल्हा रुग्णालय जवळची. वाढत्या वयात स्थिती बदलण्याची शक्यता असेल तर प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं मिळतं आणि पुढे नूतनीकरण करावं लागतं. म्हणून ते कमी दर्जाचं ठरत नाही. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि पालकांना ९० दिवसांत अपील करता येतं. चाळीस टक्क्यांची अटही सगळीकडे लावली जाते, ते बरोबर नाही. ती आरक्षणासारख्या काही लाभांसाठी आहे. ये-जा करण्याच्या सोयींबाबत कायद्याने टक्केवारी घातलेली नाही, आणि २०२४च्या नियमांनुसार चाळीस टक्क्यांखालीही पांढरं कार्ड मिळतं.

मग नेहमीचा आक्षेप येतो : मूल तर कडेवर घेता येतं, त्याला राखीव जागा कशाला? याचं उत्तर मोजमापात आहे. नेहमीची पार्किंगची जागा अडीच मीटर रुंद असते. केंद्राच्या २०१६च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांनी राखीव जागा ३.६ मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत मागितली आहे. हा जादा पट्टा व्हीलचेअर गाडीला लावून मुलाला उतरवण्यासाठी आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे पाय ताठ झालेलं, कॅलिपर घातलेलं वीस किलोचं मूल अर्धवट उघडलेल्या दारातून, शेजारच्या खांबाला धक्का लागू न देता बाहेर काढावं लागतं, तेव्हा कडेवर घेण्याची गोष्ट तिथेच संपते. स्वमग्न मुलाला चालता येतं, पण गाड्यांच्या गर्दीत हात सुटून ते पळालं तर धोका चालता न येणाऱ्या मुलापेक्षा जास्त. दिव्यांगत्व दिसत नाही म्हणून गरज नाही, असं होत नाही.

सोसायटीचा वाद सगळ्यांत नाजूक. ‘हा कायदा सरकारी इमारतींचा आहे’ असं अनेक कमिट्या समजतात. पण अधिनियमाच्या व्याख्येत खासगी आस्थापनेत सहकारी संस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय स्थावर मालमत्तेच्या रेरा कायद्यानुसार खुली पार्किंगची जागा सामाईक असते. सोसायटीच्या ताब्यातल्या जागांचं वाटप करताना लिफ्टजवळची जागा अशा कुटुंबाला देणं तिच्या हातात आहे. इथे पालकांनीही मर्यादा ओळखावी : कायदा वाजवी सोय मागतो, दुसऱ्याने रीतसर घेतलेली जागा हिसकावत नाही. अदलाबदलीचा प्रस्ताव म्हणूनच बहुतेक ठिकाणी टिकतो. तो तोंडी न मांडता कार्डाची प्रत जोडून, गरज लिहून कमिटीला द्यावा आणि पोच घ्यावी.

‘मग सगळेच खोटी कार्डं दाखवतील’ ही भीती अगदीच निराधार नाही, पण तिचा बंदोबस्त कायद्यात आहे : दिव्यांगांचे लाभ फसवून घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. खरी उणीव वेगळीच आहे. कार्ड पाकिटात राहतं, काचेवर दिसत नाही, त्यामुळे राखीव जागेत उभी असलेली गाडी हक्काची की घुसलेली, हे वॉचमनला कळायला मार्ग नाही. यूडीआयडीला जोडलेला, मुलाच्या नावाचा आणि कुठल्याही गाडीत चालणारा बिल्ला महापालिकेने सुरू केला, तर हा प्रश्न बराचसा मिटेल. बसथांबे आणि रेल्वे स्थानकांवर दिव्यांगांसाठी पार्किंगची सोय असावी, असं अधिनियमाचं ४१वं कलम सांगतंच. म्हणजे रावेतजवळच्या आकुर्डी स्थानकावरही ती मागता येते.

तोवर पालकांनी क्रम चुकवू नये. आधी मुलाचं कार्ड काढा, मग लेखी अर्ज द्या, आणि दाद लागली नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. परमिटच्या शोधात आरटीओच्या खिडकीपुढे रांग लावण्यात दिवस घालवू नका; तिथे ते मिळत नाही.