मंडळी, वडील आणि भाकर

आमच्या कुंभार पिंपळगावात श्रावणात पोथी लागते. एकजण ओवी वाचून थांबतो, दुसरा अर्थ सांगतो. पांडवप्रताप मराठीतच आहे, तरी अर्थ सांगणारा लागतोच. कर्णाच्या रथाचं चाक रुतलं, इथवर मुकाट ऐकणारी म्हातारी माणसं 'काळ्या चिखलात गाडी आखापर्यंत गेली' म्हटल्याबरोबर सावरून बसतात. वाती वळणारे हात थांबतात.

जांब समर्थ इथून जवळ. गोदाकाठानं वर गेलं की पैठण. एकनाथांनी भागवत मराठीत आणलं म्हणून काशीत वाद झाल्याची कथा इकडे पोराटोरांना ठाऊक असते. इंग्लंडात याच कारणावरून माणसं जाळली गेली, हे मला फार उशिरा कळलं.

बायबल तिथे लॅटिनमध्ये होतं. १३८०च्या दशकात जॉन विक्लिफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते इंग्रजीत आणलं. हातानं उतरवलेल्या प्रती गावोगाव फिरू लागल्या, तेव्हा परवानगीशिवाय भाषांतर करायला बंदी आली. विक्लिफ १३८४ मध्येच वारला होता. १४२८ मध्ये त्याची हाडं उकरून जाळली आणि राख नदीत सोडली. पुढे विल्यम टिंडेलनं नवा करार थेट ग्रीकवरून उतरवला. नांगर धरणाऱ्या पोरालाही शास्त्र कळलं पाहिजे, ही त्याची जिद्द. १५२६ मध्ये जर्मनीतल्या वर्म्स गावी छपाई झाली आणि प्रती मालाच्या गठ्ठ्यांत लपवून इंग्लंडात पोचल्या. १५३६ मध्ये टिंडेलला गळा आवळून मारलं आणि जाळलं. १६११ मध्ये राजाच्या आज्ञेनं जे इंग्रजी बायबल निघालं, त्यात पुष्कळ शब्द याच माणसाचे आहेत.

त्याच्यावरचा राग थोड्या शब्दांवरून समजतो. ग्रीक 'एक्लेसिया'साठी त्यानं 'चर्च' न लिहिता जमलेल्या लोकांचा शब्द घेतला. 'प्रेस्बितेरोस'ला पुरोहित न म्हणता वडीलधारा म्हटलं. थॉमस मोरनं यावर कडाडून टीका केली, कारण एवढ्यानंही धर्मपीठाचं आसन हलत होतं.

आता मराठी बायबल उघडा. तिथे 'मंडळी' आहे, 'वडील' आहेत. भजनाला जमते ती मंडळी, वऱ्हाडाला निघते ती मंडळी. टिंडेलला ज्या शब्दासाठी भांडावं लागलं, तो आपल्याकडे ओट्यावर बसलेलाच होता. आणि प्रभूच्या प्रार्थनेत रोज मागायची ती भाकर. पाव नव्हे, अन्नही नव्हे. आमच्या ज्वारीच्या मुलखात या एका शब्दाला अर्थ सांगणारा लागत नाही.

अर्थात इथवर यायला काळ लागला. टिंडेलच्याच देशातला फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. त्यानं बायबलचं भाषांतर केलं नाही, ओवीबद्ध पुराण रचलं. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. श्रोत्यांना पुराण ऐकायची सवय आहे, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. विल्यम कॅरी मात्र बंगालात, श्रीरामपूरला बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मराठीत उतरला; मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये निघाला. मराठी मुलखापासून इतक्या दूर बसून बोलीचा कान कसा लागणार? १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या गॉर्डन हॉल आणि इतर अमेरिकन मिशनऱ्यांना ती सोय होती. त्यांचा नवा करार १८२६ मध्ये निघाला. त्याच वर्षी नाशिककडच्या दौऱ्यात हॉल पटकीनं गेला. संपूर्ण बायबल १८४७चं.

आमच्या जालन्यालाही हा धागा आहे. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री पुढे इकडे आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. तिथे आले ते मुख्यतः मातंग. पोथीच्या ओट्यावर ज्यांना जागा नव्हती, त्यांच्यासमोर ग्रंथ उघडला गेला. या घटनेचं मोल मला फार वाटतं, आणि ते मानायला धर्म बदलावा लागत नाही.

पण खरा नांगऱ्याचा ध्यास पंडिता रमाबाईंचा. १८७८ मध्ये कोलकात्याच्या पंडितांनी ज्यांना 'सरस्वती' म्हणून गौरवलं, त्याच बाईंना रूढ मराठी बायबल संस्कृतानं जड झालेलं वाटलं. खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, ही त्यांची तक्रार. संस्कृत हातचा मळ असलेल्या माणसानं तेच बाजूला ठेवायचं, याला केवढा संयम लागत असेल! पन्नाशीच्या आसपास त्या मूळ ग्रंथासाठी हिब्रू आणि ग्रीकच्या अभ्यासाला बसल्या. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला तिथल्याच बायका-मुली होत्या. मुक्तीतल्या कितीतरी जणी दुष्काळात पोटासाठी आसऱ्याला आलेल्या. शिशाचं उलटं अक्षर बोटानं चाचपून ओळीत बसवायचं, ओळ बांधायची, मुद्रित काढायचं, बाईंनी तपासलं की पुन्हा खिळे बदलायचे. वर्षानुवर्षं हेच.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं, ते जुळवणारे हात मुक्तीतच अक्षर शिकलेले होते.