चुंबकातला धातू आणि घरातले अ‍ॅसिड

2025 च्या एप्रिलमध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि ‘दुर्मिळ मृदा’ हे नाव घरोघरी पोचले. तेव्हापासून दवाखान्यात मला पालकांचा एक नवाच प्रश्न ऐकू येतो. ‘डॉक्टर, मुलगा जुन्या हार्ड डिस्कचे चुंबक अ‍ॅसिडमध्ये विरघळवून धातू काढीन म्हणतो. करू द्यावे का?’

मुलाचे कुतूहल कौतुकास्पदच आहे. पण हाती काय लागते ते आधी पाहू. या चुंबकात साधारण दोन तृतीयांश लोखंड, तीसएक टक्के निओडिमियम आणि एक टक्का बोरॉन असते. वर बहुधा निकेलचा मुलामा. विरघळवून, साका गाळून, भाजून मिळते ती ऑक्साइडची पूड. तिचा धातू करायचा तर वितळलेल्या क्षारातून सुमारे 1000 अंश सेल्सिअसला वीज सोडावी लागते. ते कारखान्याचे काम, घरच्या शेगडीचे नव्हे.

आता या पुडीची किंमत शरीराला काय द्यावी लागते? अ‍ॅसिडमध्ये चुंबक टाकला की हायड्रोजन वायू सुटतो. जवळ ज्योत किंवा ठिणगी असली तर भडका उडतो. बुडबुड्यांबरोबर अ‍ॅसिडचे बारीक तुषार डोळ्यांत आणि छातीत जातात. बंद न्हाणीघरात हे करणे म्हणजे संकटाला आमंत्रण. तिथेच संडास साफ करायचे अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले, तर विषारी क्लोरीन तयार होतो. निकेलच्या द्रावणाने काहींच्या हातांना इसब होतो, आणि निकेलची संयुगे दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास कर्करोगाचा धोका असतो. साका पाडण्यासाठी वापरतात ते ऑक्झॅलिक अ‍ॅसिड पोटात गेल्यास मूत्रपिंडांना इजा करते. चुंबकाचा बारीक भुगा तर हवेत आपोआपही पेटू शकतो.

घरात लहान भावंड असेल तर आणखी जपा. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना चिकटतात आणि मधल्या आतड्याला भोक पडते. पोट दुखण्याची वाट पाहू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.

अ‍ॅसिड डोळ्यांत किंवा अंगावर उडाले तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धुवा. कपडे काढून टाका. वर खायचा सोडा, तूप, हळद काही लावू नका. पोटात गेले असेल तर उलटी करवू नका. 108 वर रुग्णवाहिका बोलवा आणि बाटली सोबत न्या.

मुलाला नाउमेद मात्र करू नका. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत धूर बाहेर खेचणारे कपाट असते, चष्मे असतात, शिक्षक असतात. तिथे विचारून पाहा. घरी त्याच चुंबकाने तांब्याच्या वेटोळ्यात वीज निर्माण करता येते. त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि डोळेही शाबूत राहतात.