रुळांकडेची भाजी आणि तिचे पाणी

पश्चिम रेल्वेने अंधेरीहून बोरिवलीस किंवा मध्य रेल्वेने घाटकोपरहून मुलुंडला जाणाऱ्या प्रवाशांना वर्षानुवर्षे एक हिरवे दृश्य परिचयाचे झालेले आहे. रूळ आणि कुंपण यांमधील अरुंद पट्टीत पालक, लाल माठ, मेथी, मुळा व भेंडी यांचे आखीव वाफे तेथे दिसत आले. मुंबई उपनगर जिल्ह्यात शेतीयोग्य जमीन फारच थोडी उरली आहे. अशा ठिकाणी पहाटे काढलेली जुडी तासाभरात जवळच्या बाजारात पोहोचते, ही लहान गोष्ट नव्हे. ही स्वस्त भाजी घेणारे गिऱ्हाईकही बहुधा चाळीतील व झोपडवस्तीतीलच असते. म्हणून तिच्या गुणदोषांचा विचार काळजीपूर्वक करणे अगत्याचे आहे.

योजनेचा उगम

१९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला व तेथून येणारा तांदूळ बंद झाला. त्या टंचाईच्या काळात ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम देशात सुरू झाली. त्याच नावाने रेल्वेने आपली पडीक जमीन कनिष्ठ श्रेणीतील कर्मचाऱ्यांना भाजीपाल्यासाठी परवान्याने देण्याची योजना चालविली. भाजी पिकावी आणि मोकळ्या जागेवर अतिक्रमण होऊ नये, असे दोन्ही हेतू तीत होते. प्रत्यक्ष मशागत पुष्कळदा उत्तर प्रदेशातून आलेले शेतमजूर करीत आले.

परवान्याची जमीन कसणाऱ्याच्या मालकीची नसते. ती केव्हा परत जाईल याचा भरवसा नसल्याने विहीर खणणे किंवा पाण्याची टाकी बांधणे त्यास परवडत नाही. साहजिकच तो जवळच्या नाल्याला पंप लावतो. या शेतीचा खरा दोष येथे आहे. जमिनीत किंवा कसणाऱ्याच्या कष्टात नाही.

नाल्याच्या पाण्यातील दोन दोष

मिठी, ओशिवरा, पोयसर व दहिसर या नद्यांचे उगम उपनगरातील डोंगराळ भागात व तलावांच्या परिसरात आहेत. वस्ती व कारखाने यांमधून वाहताना मात्र त्यांना नाल्याचे रूप येते. अशा पाण्यात दोन प्रकारचे दोष असतात व त्यांवरील उपायही वेगळे आहेत.

पहिला दोष रोगजंतू व जंतांची अंडी यांचा होय. काढणीपूर्वी काही दिवस असे पाणी तोडल्यास उन्हाने पुष्कळसे जंतू मरतात. भाजी नीट धुऊन शिजविल्यास धोका आणखी कमी होतो. जंतांची अंडी मात्र चिवट असून मातीत महिनोन् महिने टिकतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली कच्च्या खाण्याच्या भाज्यांसाठी दर लिटर पाण्यात जंताचे एकापेक्षा अधिक अंडे नसावे, अशी मर्यादा सुचविली होती.

दुसरा दोष शिसे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंचा होय. हे धातू मुळांवाटे पानांत शिरतात. पालकासारख्या पालेभाज्यांत ते विशेष साठतात आणि धुऊन किंवा शिजवून जात नाहीत. पाणी नितळ दिसले तरी ते धातुमुक्त आहे असे समजू नये. नेहमीच्या माती परीक्षणात या धातूंची तपासणी होत नाही. ती स्वतंत्रपणे करवून घ्यावी लागते. कारखान्याचे पाणी मिसळणाऱ्या नाल्यावर कोणतीही पालेभाजी घेऊ नये. अशा नाल्यात आपोआप वाढलेले अळूही खाण्यास घेऊ नये.

थोड्या पाण्यावर दारची भाजी

नाल्याला पर्याय काय, हा प्रश्न रास्त आहे. वस्तीत सार्वजनिक नळाचे पाणी पिण्यासही पुरत नाही. ते झाडांना घालावे असे कोणी सुचविणार नाही. परंतु तांदळाचे व डाळीचे धुवण आणि भाजी धुतलेले पाणी रोज मोरीत जाते. एक चौरस मीटर पालेभाजीच्या वाफ्यास कडक उन्हाळ्यात दिवसाला सुमारे पाच लिटर पाणी लागते. दोन-तीन घरांनी धुवण एकत्र केल्यास एवढा वाफा सहज पोसता येईल. साबणाचे किंवा खारट पाणी त्यात मिसळू नये.

वाफ्यासाठी फळांची लाकडी पेटी अथवा जाड पोते चालते. रंगाचे किंवा रसायनांचे रिकामे डबे कटाक्षाने टाळावेत. तळाला पाणी निचरण्यास भोके ठेवावीत. लाल माती, कुजलेले शेणखत आणि वाळलेला पाला किंवा उसाचे चिपाड समप्रमाणात घेऊन वीस सेंटिमीटर थर भरावा. शेणखत जवळच्या तबेल्यांतून मिळू शकेल. जेथे निदान चार-पाच तास ऊन मिळते अशी जागा निवडावी. मेथी व माठ सुमारे महिन्याभरात आणि पालक त्यानंतर आठवड्याभरात काढणीस येतो. दर आठवड्यास थोडे थोडे बी पेरल्यास भाजीचा खंड पडत नाही. पावसाळ्यात कोवळा पालक झोडपला जाऊन कुजतो. त्या दिवसांत दोडका, काकडी किंवा दुधी यांचा वेल छपरावर चढवावा.

हे केवळ कागदावरचे नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ पासून स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत करून बाग फुलविण्यात आली. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराची पद्धत तीत उपयोगी पडली.

समारोप

एका पेटीने कुटुंबाची सारी गरज भागणार नाही, हे उघड आहे. रुळांकडेच्या वाफ्यांवर ज्यांची चूल पेटते, त्यांना केवळ मनाई करूनही प्रश्न सुटत नाही. मनाईने वाफा जातो, पण कसणाऱ्याचे कसब आणि गिऱ्हाइकाची गरज तशीच राहते. अशा हातांना निर्धोक पाणी आणि जमिनीचा काही वर्षांचा भरवसा मिळाल्यास तीच अरुंद पट्टी गरिबाच्या ताटात निर्मळ भाजी वाढू शकेल. तोवर भाजी घेताना तिच्या हिरवेपणावर न भुलता ती कोणत्या पाण्यावर वाढली, हे प्रत्येक गृहिणीने आधी विचारावे.